अस्थींतील दुय्यम अर्बुदे आणि सौम्य विकृती: प्रतिमांच्या आधारे भेदनिर्णय

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्करोगाच्या रुग्णाची तपासणी चालू असताना एखाद्या मणक्यात, बरगडीत किंवा श्रोणीच्या हाडात लहानशी छाया आढळते. ती छाया कर्करोगाच्या प्रसाराची आहे, की त्या शरीरात वर्षानुवर्षे निरुपद्रवीपणे राहिलेल्या एखाद्या सौम्य विकृतीची आहे, हे ठरविण्याचे काम प्रतिमातज्ज्ञाकडे येते. वरवर पाहता हा प्रश्न केवळ नामकरणाचा वाटेल. परंतु उपचाराची सारी दिशा त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. स्तनाचा कर्करोग स्तन व काखेतील लसीका ग्रंथी यांपुरता मर्यादित असेल, तर शस्त्रक्रिया, प्रारण आणि औषधे यांच्या साहाय्याने रोग समूळ नाहीसा करण्याच्या हेतूने उपचार योजले जातात. तोच रोग अस्थीत पोहोचला आहे असे ठरले, की त्याची गणना चौथ्या अवस्थेत होते आणि उपचाराचा प्रधान हेतू रोगमुक्ती हा न राहता रोगनियंत्रण हा होतो. म्हणजे निरुपद्रवी छायेस दुय्यम अर्बुद म्हटले, तर बरी होऊ शकणारी स्त्री बरे होण्याच्या संधीस मुकण्याचा संभव असतो. आणि खऱ्या दुय्यम अर्बुदास सौम्य म्हटले, तर जिचा लाभ होणार नाही अशी मोठी शस्त्रक्रिया रुग्णास सोसावी लागते, किंवा मणका ढासळून मज्जारज्जूवर दाब येईपर्यंत रोगाकडे दुर्लक्ष होते.

मूळ अवयवातून निघून दूरच्या जागी रुजलेल्या कर्करोगाच्या वाढीस प्रस्तुत लेखात ‘दुय्यम अर्बुद’ म्हटले आहे. हा भेदनिर्णय कोणत्या भौतिक व शारीरक्रियात्मक तत्त्वांवर उभा आहे, प्रत्येक पद्धती कोठपर्यंत विश्वसनीय आहे आणि तिची मर्यादा कोठे सुरू होते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२. दुय्यम अर्बुद अस्थीत कसे रुजते

इ. स. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यतज्ज्ञाने स्तनाच्या कर्करोगाच्या प्रसाराचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले, की कर्ककोशिका हे बीज मानले तर ते कोठेही पडले तरी अनुकूल भूमीवाचून रुजत नाही. अस्थिमज्जा ही अशी अनुकूल भूमी होय. पुढे १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी पाठीच्या कण्याभोवतीच्या नीलांचे जाळे झडपविरहित असल्याचे व त्यामुळे श्रोणीतील रक्त तेथे सहज पोहोचू शकत असल्याचे दाखविले. अष्ठीला ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग कण्यात व श्रोणीत वारंवार का आढळतो, याचे काही अंशी स्पष्टीकरण त्यावरून मिळते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयाची आहे. कर्ककोशिका हाडास स्वतः क्वचितच खातात. त्या हाडाच्या नित्याच्या घडामोडीत ढवळाढवळ करतात. अस्थिभंजक कोशिकांना चेतविल्यास हाड विरघळते व पोकळीसारखी छाया दिसते. मूत्रपिंड आणि अवटू ग्रंथी यांच्या कर्करोगांत बहुधा असे घडते. अस्थिजनक कोशिकांना चेतविल्यास नवे परंतु अव्यवस्थित हाड साचते व छाया दाट दिसते; अष्ठीलेच्या कर्करोगाचे हे लक्षण आहे. स्तनाच्या कर्करोगात दोन्ही प्रकार आढळतात. यावरून असे निष्पन्न होते, की बहुतेक पद्धतींनी आपण पाहतो ते कर्क नव्हे, तर कर्काला हाडाने दिलेला प्रतिसाद. हाच प्रतिसाद अस्थिभंगाला, संसर्गाला किंवा झिजेलाही मिळू शकतो. भेदनिर्णयातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

३. क्ष-किरणचित्र आणि संगणकीय छेददर्शन

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या क्ष-किरणचित्राचे महत्त्व आजही कमी झालेले नाही, कारण विकृतीच्या कडेचे वाचन त्यात उत्तम होते. विकृती सावकाश वाढत असेल, तर सभोवतीच्या हाडास तिच्याभोवती दाट कुंपण घालण्यास अवसर मिळतो आणि निरोगी व विकृत भागांतील सीमा पातळ व रेखीव दिसते. वाढ वेगाने होत असेल तर कुंपण पडत नाही. सीमा पुसट होते, आणि हाड कसर लागलेल्या कापडाप्रमाणे जागोजागी छिद्रे पडल्यासारखे दिसते. ग्विलिम लॉडविक यांनी कडेवरून वाढीच्या वेगाचे अनुमान करण्याची जी वर्गवारी सिद्ध केली, तिचा आधार हाच. मात्र कड ही वेगाची साक्षीदार आहे, कुळाची नव्हे. जंतुसंसर्गातही कड पुसट असते, आणि सावकाश वाढणाऱ्या दुय्यम अर्बुदाची कड रेखीव असू शकते.

या पद्धतीची खरी उणीव संवेदनक्षमतेची आहे. सच्छिद्र हाडातील खनिजाचा सुमारे ३० ते ५० टक्के भाग नाहीसा होईपर्यंत साध्या चित्रात पोकळी दिसत नाही. मणक्याच्या समोरून घेतलेल्या चित्रात मणक्याच्या मुळाची, म्हणजे पेडिकलची, एका बाजूची गोलाकार छाया लुप्त झाली, तर ती खूण महत्त्वाची मानतात. तथापि तोवर रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो.

ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडन येथे संगणकीय छेददर्शनाचा, म्हणजे सी. टी. चा, रुग्णावर पहिला उपयोग झाला. या शोधाबद्दल गॉडफ्री हौन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत प्रत्येक बिंदूच्या क्ष-किरणशोषणास एक अंक दिला जातो. पाण्याचा अंक शून्य आणि हवेचा उणे १००० अशी ही हौन्सफील्ड मोजपट्टी आहे. घनता केवळ डोळ्यांनी न जोखता मोजता येणे, हा तिचा मोठा लाभ होय.

त्याचा उपयोग अस्थिद्वीपाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. सच्छिद्र हाडाच्या मध्ये घन हाडाचा एखादा लहान खडा जन्मतः किंवा वाढीच्या काळात राहून जातो, तोच अस्थिद्वीप. तो पूर्णतः निरुपद्रवी असतो, परंतु प्रोस्टेटच्या दाट दुय्यम अर्बुदाशी त्याचे साम्य फसविणारे आहे. अस्थिद्वीपाच्या कडेवरून बारीक काटे निघून भोवतालच्या अस्थिजालात मिसळतात, ही त्याची पहिली खूण. दुसरी खूण घनतेची. अस्थिद्वीप हे परिपक्व घन हाड असल्यामुळे त्याची घनता अधिक असते, तर दुय्यम अर्बुदातील नवे हाड अपरिपक्व व विरळ असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ८८५ व कमाल १०६० हौन्सफील्ड एकके ही सीमा सुचविण्यात आली. तिच्या वर अस्थिद्वीप संभवनीय, खाली दुय्यम अर्बुद संभवनीय. ही सीमा मार्गदर्शक म्हणून उपयुक्त आहे, पण तिला नियम समजू नये. यंत्राचे विभवांतर बदलले की अंक बदलतात. शिवाय हा अभ्यास उपचार न झालेल्या अर्बुदांपुरता होता. उपचारांनी बरे होऊ लागलेले दुय्यम अर्बुद दाट होत जाते. अशा रुग्णात मोठा अंक पाहून निःशंक होणे घातक ठरेल.

मणक्यातील वाहिकार्बुद हे दुसरे उदाहरण. शवविच्छेदनांच्या जुन्या मालिकांत सुमारे दहा-अकरा टक्के व्यक्तींच्या कण्यात ते आढळले होते. रक्तवाहिन्यांच्या वाढीमुळे आडवे अस्थिसूत्र नाहीसे होऊन उरलेली उभी सूत्रे जाड होतात. आडव्या छेदात ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी व उभ्या छेदात समांतर रेघांसारखी दिसतात. हे चित्र स्पष्ट असेल, तर पुढील तपासणीची सहसा गरज नसते.

४. किरणोत्सर्गी समस्थानिकांचा उपयोग

टेक्नेशियम हे मूलद्रव्य कार्लो पेरिये व एमिलिओ सेग्रे यांनी १९३७ मध्ये पालेर्मो येथे ओळखले. त्याचे टेक्नेशियम-९९एम हे रूप वैद्यकास फार सोयीचे ठरले; त्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तास असून त्यातून १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. १९७१ मध्ये गोपाल सुब्रमण्यम व जॉन मॅकाफी यांनी टेक्नेशियमचे फॉस्फेटयुक्त संयुग अस्थिचित्रणासाठी पुढे आणले, आणि सर्व सांगाडा एका बैठकीत तपासणे शक्य झाले.

हे संयुग जेथे नवे हाड तयार होत असते तेथे साचते. त्यामुळे खनिजाचा मोठा ऱ्हास होण्यापूर्वीच विकृती दिसते; परंतु सांध्यांची झीज, बरे होणारा अस्थिभंग आणि अस्थिप्रसार या तिन्ही ठिकाणी ‘तप्त’ बिंदू सारखाच उमटतो. म्हणून बिंदूच्या तेजापेक्षा त्याचे स्थान व मांडणी अधिक बोलके असतात. एकाखाली एक अशा लगतच्या बरगड्यांत ओळीने बिंदू असतील, तर ते आघाताचे निदर्शक होत. एकाच बरगडीत तिच्या लांबीने पसरलेला लांबट पट्टा मात्र दुय्यम अर्बुदाकडे बोट दाखवितो. त्रिकास्थीत इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे संचयन दुर्बल हाडाच्या भंगाचे लक्षण आहे. कर्करोग ज्ञात असलेल्या रुग्णातही एकाच बरगडीत एकच बिंदू असेल, तर तो मारक असण्याचे प्रमाण १९८५ मधील एका पाहणीत केवळ सुमारे १० टक्के आढळले. उलटपक्षी, स्तनाच्या कर्करोगात उरोस्थीतील एकाकी बिंदू बहुधा प्रसाराचाच असतो.

या परीक्षेत दोन सापळे आहेत. पहिला असा, की बहुविध मज्जार्बुदात, म्हणजे मल्टिपल मायलोमात, अस्थिजनक कोशिका दबलेल्या असल्याने हाड पोखरलेले असूनही चित्र निर्दोष दिसू शकते. दुसरा सापळा उपचारोत्तर ‘भडक्या’चा. उपचार लागू पडल्यावर हाड भरून येऊ लागते, अस्थिजनक कोशिका कामास लागतात, आणि आरंभीच्या महिन्यांत जुने बिंदू अधिक तेजस्वी होऊन नवेही दिसू लागतात. रुग्ण सुधारत असताना चित्र बिघडते. अशा वेळी घाईने औषध बदलणे म्हणजे लागू पडलेला उपाय सोडून देणे होय.

पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शनात, म्हणजे पेट पद्धतीत, फ्लोरिन-१८ ने अंकित केलेल्या ग्लुकोजसदृश द्रव्याचा उपयोग करतात. कर्ककोशिका ग्लुकोज अधिक घेतात, म्हणून येथे हाडाच्या प्रतिसादाऐवजी प्रत्यक्ष कोशिकांची चयापचयक्रिया दिसते. पण दाहातील श्वेतकोशिकाही ग्लुकोज घेतात, आणि अनेक दाट अर्बुदे ते फारसे घेत नाहीत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी कोशिकापटलावरील पी. एस. एम. ए. या प्रथिनास चिकटणारी द्रव्ये आता प्रचारात आली आहेत. ती अत्यंत संवेदनक्षम आहेत. तथापि त्यांपैकी काहींचे, विशेषतः फ्लोरिनयुक्त पी. एस. एम. ए.-१००७ चे, निरोगी बरगड्यांत निष्कारण संचयन होते, हे अनुभवास आले आहे. नव्या साधनाबरोबर नव्या प्रकारची चूकही येते, असा हा बोध आहे.

५. चुंबकीय अनुस्पंदन

एम. आर. आय. मध्ये हाडाच्या खनिजाऐवजी मज्जेतील हायड्रोजन अणुकेंद्रांचा संकेत मिळतो. प्रौढ व्यक्तीच्या मज्जेत मेद व रक्तोत्पादक कोशिका यांचे मिश्रण असते. टी-१ प्रकारच्या चित्रात मेद उजळ दिसतो. दुय्यम अर्बुद मेदाला हुसकावून त्याची जागा घेते. त्यामुळे तो भाग शेजारच्या स्नायूपेक्षा किंवा मणक्यांमधील चकतीपेक्षाही काळा दिसतो. विकृतीच्या गाभ्यातच मेदाचा उजळ ठिपका असेल तर ती बहुधा सौम्य असते. तिच्याभोवती टी-२ चित्रात उजळ वलय असेल तर प्रसाराचा संशय बळावतो.

मेदाचा अंश डोळ्यांना जाणवत नसेल तर भौतिकशास्त्राचा एक सुंदर उपयोग करता येतो. मेदातील व पाण्यातील हायड्रोजन केंद्रांच्या परांचन वारंवारतेत सुमारे ३.५ दशलक्षांशांचा फरक असतो. १.५ टेस्ला क्षेत्रात हा फरक सुमारे २२० हर्ट्झ होतो. म्हणून उद्दीपनानंतर सुमारे २.३ मिलिसेकंदांनी दोन्ही संकेत परस्परविरुद्ध कलेत येतात व ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा समकलेत येतात. एकाच घनघटकात मेद व पाणी दोन्ही असतील, तर विरुद्धकलेतील चित्रात ते एकमेकांस छेदतात आणि संकेत क्षीण होतो. ही घट २० टक्क्यांहून अधिक असेल, तर मज्जेतील मेद शाबूत आहे, म्हणजे विकृती बहुधा सौम्य आहे, असे अनुमान काढतात. या अनुमानासही अपवाद आहेत. मूत्रपिंडाच्या काही कर्करोगांत कोशिकांच्या पोटातच मेद असतो, त्यामुळे मारक विकृतीतही घट दिसते. आणि मेदविरहित वाहिकार्बुदात ती दिसत नाही.

वृद्ध रुग्णात मणका दबला असता अस्थिसुषिरता व कर्करोग यांतील भेद हाच बहुधा कळीचा प्रश्न असतो. मणक्याच्या काही भागात मेदयुक्त मज्जा टिकून असणे, भंगरेषा दिसणे, तुटलेल्या कडेचा कोपरा मागे सरकलेला असणे, या सौम्यतेच्या खुणा होत. मणक्याची मागील कड फुगीर होणे, विकृती पेडिकलमध्ये शिरणे आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर मांसल गोळा असणे, या मारकतेच्या खुणा होत.

६. आपल्याकडील अनुकारी विकार

पाश्चात्य पाठ्यपुस्तकांत ज्यांना शेवटी एखादी ओळ मिळते, असे तीन विकार आपल्याकडे भेदनिर्णयाच्या आरंभीच आठवले पाहिजेत.

पहिला विकार कण्याचा क्षयरोग. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णिलेला हा रोग मणके पोखरतो, गळू निर्माण करतो आणि पेट चित्रात कर्काइतकाच उजळतो. क्षयात बहुधा लगतचे दोन मणके व त्यांमधील चकती बाधित होते. दुय्यम अर्बुदात चकती बहुधा वाचते. परंतु चकतीस स्पर्श न करणारा व अनेक ठिकाणी विखुरलेला क्षयही आढळतो, आणि तेथे प्रतिमा हात टेकतात. दुसरा विकार फ्लोराइडबाधा. विदर्भातील यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. दीर्घकाळ असे पाणी प्यायलेल्या व्यक्तीचा कणा व श्रोणी सर्वत्र दाट होतात, आणि प्रोस्टेटच्या व्यापक प्रसाराचा भास होतो. अशा वेळी अग्रबाहूचे चित्र घ्यावे. दोन हाडांमधील पटलाचे खनिजीभवन फ्लोराइडबाधेची ओळख पटविते. तिसरा विकार अस्थिमार्दव. ड जीवनसत्त्वाच्या अभावी बरगड्यांत व श्रोणीत अनेक छद्मभंग होतात, आणि समस्थानिक चित्रात ते विखुरलेल्या दुय्यम अर्बुदांसारखे दिसतात. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट, क्षारीय फॉस्फेटेज व ड जीवनसत्त्व यांची तपासणी येथे कित्येक महागड्या चित्रांपेक्षा अधिक सांगून जाते.

७. पूर्वसंभाव्यतेचा हिशेब

कोणत्याही परीक्षेचा अर्थ रुग्णाच्या पूर्वसंभाव्यतेवाचून लावता येत नाही. स्पष्टीकरणार्थ एक कल्पित परीक्षा घेऊ. तिची संवेदनक्षमता ९० टक्के व विशिष्टता ९५ टक्के मानू. आरंभावस्थेतील कर्करोगाच्या अशा १,००० रुग्णांवर ती वापरली, की ज्यांच्यापैकी केवळ २० जणांस अस्थिप्रसार आहे. त्या २० पैकी १८ जणांत परीक्षा होकारार्थी येईल. उरलेल्या निरोगी अस्थींच्या ९८० जणांपैकी ४९ जणांतही ती होकारार्थी येईल. म्हणजे एकूण ६७ होकारांपैकी खरे १८, सुमारे २७ टक्के. आता तीच परीक्षा प्रगत रोग व अस्थिवेदना असलेल्या १,००० रुग्णांवर वापरली, आणि त्यांपैकी ४०० जणांत प्रसार आहे असे मानले, तर खरे होकार ३६० व खोटे ३० येतात. होकाराची विश्वसनीयता सुमारे ९२ टक्के होते. यंत्र तेच, चित्र तेच. अर्थ मात्र बदलला. लक्षणे नसलेल्या आरंभावस्थेतील रुग्णांची सरसकट अस्थितपासणी का करू नये, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

८. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा पुढील क्रम सुचतो. प्रथम जुनी चित्रे शोधावीत. पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच छाया त्याच आकारात असेल, तर त्याहून स्वस्त व बलवान पुरावा नाही. नंतर रुग्णाचे वय, मूळ कर्करोगाचा प्रकार व अवस्था यांवरून पूर्वसंभाव्यता ठरवावी. मग एका पद्धतीने उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर भिन्न तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीकडून घ्यावे. समस्थानिक चित्रातील तप्त बिंदूस छेददर्शनात झिजलेला सांधा सापडला, तर शंका मिटते. एकाच तत्त्वाची परीक्षा पुन्हा केल्याने तीच चूक पुन्हा होण्याचा संभव असतो. शंका उरल्यास आणि उत्तराने उपचार बदलणार असल्यास जीवोतक परीक्षा करावी, विशेषतः विकृती एकच असताना व प्रसाराचे निदान प्रथमच होत असताना. मात्र सुईचा मार्ग शल्यतज्ज्ञाशी विचारविनिमय करून ठरवावा. कारण ती विकृती हाडाचे प्राथमिक सार्कोमा निघाली, तर चुकीच्या मार्गाने घातलेली सुई अवयव वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेस बाधा आणते. जीवोतक परीक्षेचा नकारही तपासून घ्यावा लागतो, कारण दाट हाडातून मिळालेला तुकडा पुष्कळदा निदानास अपुरा असतो.

शेवटी अहवालाच्या भाषेसंबंधी. ‘दुय्यम अर्बुद नाकारता येत नाही’ हे वाक्य तज्ज्ञास सुरक्षित वाटते, परंतु त्याचा भार रुग्ण व त्याचा चिकित्सक यांच्यावर पडतो. विकृती सौम्य असल्याची खात्री असेल तर तसे निःसंदिग्ध लिहावे. खात्री नसेल तर संशयाचे कारण, संभाव्यतेचे अंदाजे प्रमाण, पुढील नेमकी परीक्षा आणि ती किती कालावधीत करावी, या चारही गोष्टी लिहाव्यात. ज्या विद्यार्थ्यास हे चार प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय लागेल, त्याच्या अहवालावरून चिकित्सकास पुढचे पाऊल ठरविता येईल.